कोकणातल्या दमट हवेत घरच्या घरी लाकडी सामान : बाक, मांडणी आणि कमी खर्चाचे हिशेब

सुरंगी (धागाकर्ती, दापोली तालुका)

नमस्कार,

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा त्याच्या तडाख्यात दापोली-मंडणगडकडच्या बागाही सापडल्या आणि आमच्या परसातला, सासऱ्यांच्या आजोबांनी लावलेला फणस मुळासकट आडवा झाला. पुढचे तीन-चार महिने आम्ही उडालेली कौले परत घालण्यात घालवले. ओंडका तसाच पडून होता. जळाऊ लाकूड नेणाऱ्या एका व्यापाऱ्याने त्याची जी किंमत सांगितली ती ऐकून मला इतके वाईट वाटले की, हे लाकूड घरातच लावायचे असे मी तिथेच ठरवले. त्या एका फणसातून आजवर एक मेज, एक बाक, दोन चौरंग आणि स्वयंपाकघरातली मांडणी तयार झाली आहे. यातले मेज बिघडले, आणि ते का बिघडले हे समजायला मला एक वर्ष लागले. घरच्या घरी लाकडी सामान करू पाहणाऱ्या किनारपट्टीवरच्या मंडळींचे तेवढे वर्ष वाचावे म्हणून हा धागा काढत आहे.

आधी कागदपत्रांचे सांगते, कारण पुष्कळांना आपल्याच अंगणातले झाड आपल्या मर्जीने तोडता येते असे वाटते. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन अधिनियमाच्या अनुसूचीत साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ अशी आपल्याकडची बहुतेक कामाची झाडे आहेत, आणि ती खासगी जमिनीत असली तरी तोडण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. आमचे झाड वादळात पडलेले होते, तरीही आम्ही पंचनाम्याची प्रत आणि सातबारा सोबत घेऊन वन विभागाच्या कार्यालयात गेलो आणि वाहतुकीचा पास हातात पडल्यावरच ओंडका टेम्पोत चढवला. याला आठ-दहा दिवस गेले, पण वाटेत कोणी अडवले तर दाखवायला कागद होता.

गिरणीवर जाण्यापूर्वी मोजणीचा हिशेब समजून घ्यावा. गोल ओंडका मोजताना त्याच्या घेराचा चौथा भाग इंचांत घेतात, त्याचा वर्ग करतात, त्याला लांबीच्या फुटांनी गुणतात आणि १४४ ने भागतात. आमच्या एका तुकड्याचा घेर ४८ इंच आणि लांबी ८ फूट होती, म्हणजे १२ गुणिले १२ गुणिले ८ भागिले १४४, एकूण ८ घनफूट. ही जुनी रीत प्रत्यक्ष घनफळापेक्षा साधारण एकवीस टक्के कमी माप देते, कारण बाहेरची गोलाई चिरताना वायाच जाणार असते. चिरलेल्या मालाचा हिशेब सरळ असतो : जाडी इंचांत, रुंदी इंचांत, लांबी फुटांत, तिन्हींचा गुणाकार भागिले १४४. हे दोन हिशेब पाठ असतील तर वखारीत कोणी काही सांगितले तरी आपल्याला आपला आकडा काढता येतो.

आम्ही फळ्या सव्वा इंच जाडीच्या काढून घेतल्या, म्हणजे वाळून आणि रंधून एक इंच शिल्लक राहावा. चिरण्याचे काम मुद्दाम ऑक्टोबरच्या शेवटी केले. त्यामुळे पुढच्या पावसापर्यंत सात महिने कोरडे मिळाले. मागच्या पडवीत चिऱ्यांवर वीतभर उंचीवर फळ्यांची चळत रचली, प्रत्येक थरामध्ये दर दोन फुटांवर एक इंच जाडीच्या पट्ट्या आडव्या घातल्या आणि त्या पट्ट्या खालपासून वरपर्यंत एकाच रेषेत येतील असे पाहिले, नाहीतर फळ्या लाटेसारख्या वाकतात. फळ्यांच्या दोन्ही टोकांना जुना तैलरंग फासला. लाकडातले पाणी टोकांकडून सर्वांत लवकर बाहेर पडते, आणि टोके आधी वाळली की तिथून चिरा सुरू होतात. वरच्या थरावर जात्याची जुनी तळी आणि चिरे ठेवून वजन दिले.

उघड्या हवेत वाळवताना एक इंच जाडीला एक वर्ष असा ढोबळ अंदाज सांगतात. मी त्यावर विसंबून राहिले नाही. त्याच फणसाचा हातभर तुकडा कापून तो दर महिन्याच्या पहिल्या तारखेला स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलला आणि वजन कॅलेंडरवर लिहिले. पहिल्या चार महिन्यांत वजन भराभर उतरले, मग उतरण्याचा वेग मंदावला, आणि २०२१ च्या पावसाळ्यात ते थोडे वाढलेसुद्धा. लाकूड वाळले की कायमचे वाळले, ही माझी समजूत तिथे संपली. लाकूड भोवतालच्या हवेशी पाण्याची देवघेव आयुष्यभर करत राहते. जानेवारीच्या कोरड्या हवेत त्यात साधारण अकरा-बारा टक्के ओलावा राहतो आणि जुलै-ऑगस्टच्या आपल्या हवेत तो अठरा-वीस टक्क्यांकडे सरकतो. या फरकाने फळी लांबीत जवळजवळ वाढत नाही, रुंदीत मात्र फुगते.

कॅलेंडरवर हे लिहिले असूनही मेज करताना मी तिकडे लक्ष दिले नाही. जानेवारी २०२२ मध्ये तीन फळ्या जोडून अठरा इंच रुंदीचा पृष्ठभाग केला आणि तो खालच्या चौकटीला सोळा स्क्रूंनी गच्च आवळला. सोळा स्क्रू म्हणजे मजबुती, असे मला वाटत होते. जुलैत तो पृष्ठभाग मधोमध वर उचलला गेला आणि त्यावर ठेवलेला पेला डगमगू लागला. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली तेव्हा सांध्याशेजारी हातभर लांबीची चीर पडली, इतकी रुंद की तिच्यात पोस्टकार्ड सरकत असे. अठरा इंचांचा तो पृष्ठभाग जानेवारी ते ऑगस्ट सुमारे ५ मिलिमीटर हलतो, हे मी नंतर स्क्रू काढून, मोकळा ठेवून, दोन्ही वेळा पट्टीने मोजले. आता चौकटीतली भोके मी फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट कोरते आणि स्क्रूखाली चकती घालते, म्हणजे फळीला सरकायला वाट राहते. त्यानंतरचे दोन्ही पावसाळे मेज सपाट आहे.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांनी बाक करावा. आमचा बाक चार फूट लांब, चौदा इंच रुंद आणि सतरा इंच उंच आहे. बैठकीला साधारण अर्धा घनफूट, अडीच इंची चार पायांना पाव घनफूट आणि आडव्या पट्ट्यांना साधारण तीन दशांश घनफूट लाकूड लागते; कापण्या-रंधण्यात जाणारे धरून सव्वा ते दीड घनफुटात काम होते. पायांसाठी जाड लाकूड विकत न घेता दोन फळ्या एकमेकींना चिकटवल्या. शिकंजे महाग असतात म्हणून सुंभाच्या दोरीचे दोन फेरे गुंडाळून त्यात काठी घातली आणि ती पिळून पिळून ताण दिला. डिंक सांध्यातून मण्यांसारखा सर्वत्र सारखा बाहेर आला की ताण पुरेसा झाला असे समजावे. लाकूड घरचे, त्यामुळे डिंक, पॉलिशपेपर, पितळी स्क्रू आणि तेल मिळून बाकाचा खर्च आठशे रुपयांच्या आत राहिला. हत्यारांवर दोन वर्षांत मिळून साडेचार हजार गेले, त्यांतला ड्रिल सर्वांत महाग.

फणसाचे लाकूड रंधताना पिवळेधमक निघते आणि पडवीभर त्याचा गोडसर वास राहतो. दोन-तीन वर्षांत ते मधासारखे आणि पुढे तपकिरी होत जाते. पहिला पिवळा रंग टिकवण्याच्या नादात कोणी त्यावर रंग चढवू नये, असे मला मनापासून वाटते.

आपले अनुभव, चुका आणि दुरुस्त्या अवश्य लिहाव्यात.

जुना रंधा (रत्नागिरी)

धागाकर्तीताई, आपण चूक लपवली नाहीत आणि मापासकट लिहिलीत, याबद्दल आपले अभिनंदन. मी तीस वर्षे विद्यार्थ्यांना सुतारकाम शिकवले आहे, म्हणून दोन-तीन गोष्टींची भर घालतो.

पहिली गोष्ट फळीच्या निवडीची. फळीचे टोक निरखून पाहिले की त्यावर कमानी दिसतात. या कमानी फळीच्या रुंदीला आडव्या, पसरट असतील तर ती फळी रुंदीत अधिक हलते आणि वाटीसारखी वाकते. त्या उभ्या असतील तर हालचाल जवळजवळ निम्मी होते. गिरणीवाला सोयीने एका बाजूने सपासप चिरत जातो, त्यामुळे ओंडक्याच्या मध्याजवळच्या थोड्याच फळ्या उभ्या कमानींच्या मिळतात. त्या फळ्या मेजाच्या पृष्ठभागासाठी आणि कपाटाच्या दारांसाठी राखून ठेवाव्यात, आणि पसरट कमानींच्या फळ्या बाकाच्या पट्ट्या, पाय, मांडणीच्या बाजू अशा अरुंद कामांत घालाव्यात. ओंडक्याचा अगदी मधला गाभा कुठल्याच फळीत ठेवू नये, कारण तिथून चीर पडल्याशिवाय राहत नाही.

दुसरी गोष्ट सांध्यांची. बाकाचा पाय आणि आडवी पट्टी नुसत्या स्क्रूने जोडली तर दोन पावसाळ्यांत सांधा खिळखिळा होतो, कारण लाकूड फुगते-आटते आणि स्क्रूभोवतीचे भोक मोठे होत जाते. पट्टीच्या टोकाला कुसू, म्हणजे जिभेसारखा पातळ भाग, काढून ते पायातल्या चौकोनी भोकात बसवावे. कुशाची जाडी पट्टीच्या जाडीच्या साधारण एक तृतीयांश ठेवावी; जास्त ठेवली तर पाय कमकुवत होतो, कमी ठेवली तर कुसू मोडते. भोक आधी ड्रिलने तीन-चार ठिकाणी पाडून घ्यावे आणि मग कडा पटाशीने सरळ कराव्यात, म्हणजे नवशिक्यालाही ते एका दुपारी जमते. कुसू हाताने दाबून आत जावे आणि शेवटचा थोडा भाग लाकडी हातोडीच्या हलक्या ठोक्याने बसावा. जोरात ठोकावे लागले तर पाय उभा चिरतो, आणि आपोआप घसरले तर डिंकाच्या भरवशावर राहावे लागते.

हत्यारांविषयी माझे मत थोडे निराळे आहे. ड्रिल आधी घेतले हे ठीक, पण जो नव्याने सुरुवात करणार असेल त्याने पहिले पैसे धार लावायच्या दगडावर घालावेत. बाजारातून आणलेली पटाशी आणि रंध्याचे पाते धारेवर नसतात. पात्याची पाठ आधी दगडावर आरशासारखी सपाट करावी, मग धारेचा उतार पंचवीस ते तीस अंशांत राखून घासावे, आणि मनगटावरचे केस निघतात की नाही हे पाहण्यापेक्षा एखाद्या मऊ लाकडाच्या टोकावर पाते चालवून काप चकचकीत येतो का ते पाहावे. बोथट हत्याराला जोर लावावा लागतो, आणि हात कापले जातात ते जोर लावल्यामुळेच. वर्गातल्या जवळजवळ प्रत्येक जखमेमागे मी हेच कारण पाहिले. आपल्या खाऱ्या हवेत पाती रात्रीत तांबूस होतात, म्हणून काम संपल्यावर तेलाची चिंधी फिरवणे हा कामाचाच भाग समजावा.

पागोळी (मुंबई, घर गुहागरला)

आपणा दोघांचेही लेखन वाचून हुरूप आला. आमचे गुहागरचे घर वर्षातले आठ-नऊ महिने बंद असते. तिथे घेतलेले तयार कपाट पहिल्याच पावसाळ्यात खालून फुगले आणि त्याचा भुगा हातात आला. ते दाबलेल्या भुश्याच्या फळीचे होते, हे तेव्हा आम्हाला कळलेच नव्हते. आता पुस्तकांसाठी आणि भांड्यांसाठी दोन मांडण्या स्वतः कराव्यात असा विचार आहे. आमच्याकडे झाड नाही आणि वाट पाहायला वर्षही नाही. मुंबईत आयात मालाच्या खोक्यांच्या पाइनच्या पट्ट्या स्वस्तात मिळतात. त्या वापराव्यात, की सरळ प्लायवूड घ्यावे? घर बंद असताना सामानाला बुरशी येऊ नये म्हणून काय करावे?

खाजणकाठ (मालवण)

पागोळीताई, मी गेल्या सहा वर्षांत घरातल्या पाच मांडण्या आणि ओट्याखालची सगळी कपाटे प्लायवूडमध्ये केली आहेत, त्यामुळे सविस्तर लिहितो.

आधी खोक्यांच्या पट्ट्या. परदेशी ये-जा करणाऱ्या लाकडी खोक्यांवर गव्हाच्या कणसाची खूण असलेला शिक्का असतो आणि त्यात दोन अक्षरे असतात. 'एचटी' असेल तर ते लाकूड उष्णतेने निर्जंतुक केलेले आहे आणि घरात वापरायला हरकत नाही. 'एमबी' असेल तर त्यावर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची प्रक्रिया झालेली आहे. असे लाकूड कितीही स्वस्त मिळाले तरी घरात आणू नये. शिक्काच नसेल, किंवा लाकडावर तेलाचे, रसायनाचे डाग असतील, तर तेही सोडून द्यावे. 'एचटी' असलेल्या पट्ट्या भिंतीवरच्या हलक्या मांडणीला, कपडे अडकवायच्या खुंट्यांच्या फळीला चांगल्या, पण पाइनला वाळवी आवडीने लागते, म्हणून आठ महिने बंद राहणाऱ्या घरात जमिनीवर टेकणारे काहीही त्यात करू नये.

आता प्लायवूड. एक पत्रा आठ फूट बाय चार फूट असतो. दुकानात 'एमआर' म्हणून जे मिळते ते दमटपणा थोडा सोसते, पाणी सोसत नाही. आयएस ७१० हा क्रमांक छापलेला मरीन प्लाय उकळत्या पाण्यातही न सुटणाऱ्या डिंकाने जोडलेला असतो. किनाऱ्यावर स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि जमिनीला लागणारे खण यांसाठी मी फक्त तोच वापरतो, आणि खोलीतल्या वरच्या खणांना मध्यम प्रत लावतो. सगळीकडे महाग माल लावण्याची गरज नाही, पण जिथे गरज आहे तिथे कमी प्रतीचा लावला तर दोनदा खर्च होतो. हे मी एका सिंकखालच्या कपाटावर पैसे घालवून शिकलो.

पैसे वाचतात ते पत्रा कापण्याच्या आखणीत. घरी कागदावर आठ बाय चारचा चौकोन प्रमाणात काढावा आणि सगळे तुकडे त्यात बसवून पाहावेत, प्रत्येक कापाला करवतीची ३ मिलिमीटर रुंदी सोडायला विसरू नये. पुस्तकांच्या खणाची खोली साडेअकरा इंच ठेवली की चार फूट रुंदीतून लांब चार पट्ट्या निघतात. बारा इंचांचा हट्ट धरला तर करवतीच्या रुंदीमुळे चौथी पट्टी अपुरी पडते. आखणी घेऊन दुकानात गेले की पुष्कळ ठिकाणी मोठ्या यंत्रावर तुकडे कापून देतात. सरळ काप हेच हाताने सर्वांत अवघड असलेले काम आहे, तेव्हा त्याचे थोडे पैसे द्यावेत.

पुस्तकांच्या खणाला १८ मिलिमीटरच्या फळीचा आधाराविना विस्तार अडीच फुटांपेक्षा जास्त ठेवू नये. जाडी दुप्पट केली तर फळीचा ताठपणा आठपट होतो, पण खर्चही वाढतो. त्याऐवजी फळीच्या पुढच्या कडेखाली दोन इंच रुंदीची सागाची किंवा फणसाची उभी पट्टी डिंकाने लावली तर वाक दिसेनासा होतो आणि प्लायची उघडी कड झाकली जाते. या उघड्या कडांची मी सर्वांत जास्त काळजी घेतो. प्लाय पाणी पितो तो कडेने. प्रत्येक कड, मागची आणि भिंतीकडची न दिसणारीसुद्धा, डिंक पाण्यात पातळ करून त्याचे दोन हात देऊन बंद करतो आणि मगच जोडणी करतो. खालच्या टोकांना तर तीन हात देतो, कारण लादी पुसताना ओले फडके रोज तिथेच लागते.

बंद घरासाठी : सामान चिऱ्याच्या भिंतीला चिकटवून ठेवू नये, निदान दोन इंच अंतर सोडावे. चिरा पावसात पाणी पितो आणि ते महिनोन्महिने आतल्या बाजूला सोडत राहतो. कपाटाला मागची सलग फळी न लावता उघड्या पट्ट्या लावाव्यात आणि दारांत वारा खेळेल अशी फट ठेवावी. साधे लोखंडी स्क्रू आमच्याकडे एका पावसाळ्यात गंजतात, तेव्हा स्टेनलेस किंवा पितळी घ्यावेत. ऐन आणि बाभळीसारख्या लाकडात लोखंड घातले तर त्याच्याभोवती काळा डागही पसरतो.

सुरंगी

खाजणकाठ, कडा बंद करण्याचा उपाय मी माझ्या बाकाच्या पायांना लगेच केला. पाय उलटे करून तळाला डिंकाचा पातळ थर मुरवला. लादी पुसल्यावर तळाशी जो काळपट पट्टा दिसत असे त्याचे कारण आता कळले.

काजूबाग (वेंगुर्ला)

या चर्चेत आंब्याच्या लाकडाचा उल्लेख कोणी केला नाही, याचे आश्चर्य वाटते. आमच्याकडे जुनी रायवळ झाडे वादळात पडतात, दरवर्षी एखादे तरी चिरले जाते, आणि ते लाकूड फणसापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळते. सुतार त्याला नाके मुरडतात कारण त्याला भुंगेरे लागतात आणि बारीक भोकांतून पिठासारखा भुसा गळू लागतो. पण माझ्या घरी आंब्याचे दोन पलंग नऊ वर्षे शाबूत आहेत. झाड पडल्यापासून महिन्याच्या आत फळ्या पाडल्या, कारण ओंडका तसाच राहिला तर लाकूड निळे-काळे पडते. ताज्या, ओल्या फळ्यांनाच टाकणखार आणि बोरिक आम्ल यांचे गरम पाण्यातले द्रावण दिले. प्रमाण असे : बोरिक आम्ल एक भाग, टाकणखार दीड भाग, आणि दोन्ही मिळून पाण्याच्या पाच-सहा टक्के. पत्र्याचे पिंप उभे कापून लांबट कुंड केले आणि फळ्या त्यात एक रात्र बुडवल्या, मग ताडपत्रीत गुंडाळून दोन आठवडे ठेवल्या, म्हणजे द्रावण आत झिरपते. त्यानंतरच वाळायला लावल्या. हातमोजे घालावेत, आणि कुंड मुलांपासून व गुरांपासून दूर ठेवावे. ही प्रक्रिया घरातल्या सामानालाच उपयोगी आहे; पावसात राहणाऱ्या बाकातून क्षार धुऊन निघून जातात.

उघड्यावरच्या लाकडाला आमच्याकडची जुनी माणसे काजूच्या टरफलाचे तेल लावत आली आहेत. त्याने लाकूड काळे पडते, पण वाळवी जवळ येत नाही.

जुना रंधा

आंब्याविषयी माझे मत आपल्या अनुभवाने बदलले, हे मोकळेपणाने मान्य करतो. मी आजवर आंबा फक्त साचेकामाला आणि खोक्यांना योग्य समजत आलो. एवढेच सुचवतो की, फळीच्या कडेचा फिकट भाग शक्य तितका काढून टाकावा, कारण भुंगेऱ्यांचे अन्न असलेला पिष्टमय पदार्थ त्यातच जास्त असतो.

काजूच्या टरफलाच्या तेलाबद्दल मात्र सावध करणे माझे कर्तव्य आहे. ते कातडीला लागले तर बिब्ब्यासारखे उतते, आणि काहींना नुसत्या वासानेही त्रास होतो. कुंपणाचे खांब, गोठ्याचे वासे यांना ते ठीक आहे. जिथे माणूस बसतो, हात टेकतो किंवा मूल रांगते तिथे ते लावूच नये.

घरातल्या सामानाला काय लावावे, हे कोणी विचारले नाही, पण नवशिक्याचे काम शेवटच्या दिवशी बिघडते ते इथेच. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे पॉलिश दिसायला सुरेख असते, परंतु ते पावसाळ्यात चढवले तर स्पिरिट उडताना लाकूड गार होते, हवेतले दव त्यावर बसते आणि सगळा पृष्ठभाग दुधाळ होतो. ते काम डिसेंबर ते एप्रिलच्या दरम्यान, दुपारी करावे. जवसाचे तेल सोपे आहे : पातळ हात द्यावा, अर्ध्या तासाने उरलेले कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे, आणि दोन हातांमध्ये निदान दोन दिवस जाऊ द्यावेत. कच्च्या तेलाचे जाड थर आमच्या हवेत आठवडाभर चिकट राहतात आणि त्यावर बुरशी येते, म्हणून लवकर वाळणारे, उकळलेले म्हणून विकले जाणारे तेल घ्यावे. एक गोष्ट विसरू नये. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती पसरून दोरीवर वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत. माझ्या कार्यशाळेत एका सकाळी अशा फडक्यांच्या डब्यातून धूर निघताना मी स्वतः पाहिला आहे.

पागोळी

सर्वांचे मनापासून आभार. मरीन प्लायचे दोन पत्रे घेतले, साडेअकरा इंचांच्या पट्ट्या दुकानातच कापून घेतल्या आणि मेच्या सुट्टीत गुहागरला सात फुटी मांडणी उभी केली. भिंतीपासून दोन इंच दूर, खाली दगडी चकत्या, मागे उघड्या पट्ट्या. गणपतीत दार उघडले तेव्हा भिंतीवर बुरशीचे ठिपके होते, मांडणीवर एकही नव्हता. आता तिच्याखाली भरीव लाकडाचे दोन खण ओढता येतील असे करायचे आहेत. जुन्या घराच्या कपाटाचे खण पावसाळ्यात अडकून बसत आणि वडील ते दोन्ही हातांनी हिसडत, ते आठवते. तसे होऊ नये म्हणून काय करावे?

सुरंगी

पागोळीताई, शिवणीचे लाकूड मिळाले तर खणांसाठी तेच घ्यावे. ते हलके असते आणि इतर बहुतेक लाकडांपेक्षा कमी हलते. खणाच्या बाजूच्या पट्ट्या उंचीला चार इंच असतील तर, डिसेंबर-जानेवारीत काम करताना वरच्या बाजूला पुरते ३ मिलिमीटर मोकळे सोडावेत. ती फट तेव्हा डोळ्यांना खुपते आणि रंधा परत हातात घ्यावासा वाटतो, पण तिला हात लावू नये. काम ऑगस्टमध्ये केले तर एक मिलिमीटर पुरतो. तळाची फळी डिंकाने चिकटवू नये. तिन्ही बाजूंना खाच करून तिच्यात ती सैल सरकवावी आणि फक्त मागच्या पट्टीला एकच स्क्रू द्यावा. खण ज्या पट्ट्यांवर सरकतो त्यांना मेण घासावे, तेल नको, कारण तेलावर धूळ बसते.

माझ्या चौरंगाखालचा खण मी असाच केला आहे. आज सकाळपासून पाऊस धरून आहे आणि हे लिहिण्यापूर्वी तो एका बोटाने उघडून पाहिला. जानेवारीत वरच्या फटीत नाणे जात होते; आता कागद जेमतेम जातो, आणि खण सरकतो.